ओळखलं का गाणं?

उन्हाळ्याच्या रात्री लोह्यात गच्चीवर अंथरूण टाकून पडलं की वरात आधी छातीला कळते, कानाला नंतर. लांब कुठंतरी, बहुतेक मारुतीच्या देवळाकडं, धप्... धप् धप्... असा ढोल चाललेला असतो. गाणं कोणतं ते कळत नाही. मग वरात आपल्या गल्लीच्या तोंडाशी वळते आणि दार उघडावं तसं गाणं एकदम अंगावर येतं. ट्रंपेट, क्लॅरनेट, झांजा, सगळं एका दमात. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पडल्या पडल्या गुणगुणायला लागतं.

असं का होतं ते मला फार उशिरा समजलं. मोठ्या ढोलाचा आवाज सेकंदाला 60-70 कंपनांचा, आणि तशा आवाजाची एक लाट 5 मीटरच्या आसपास लांब असते. घर, भिंत, उभा ट्रक असल्या अडथळ्यांना ती वळसा घालून पुढं जाते. ट्रंपेटच्या आवाजात जी झळाळी आहे तिच्या लाटा मात्र वीतभर किंवा त्याहूनही आखूड. त्या सरळ रेषेत धावतात आणि भिंतीवर आपटून माघारी फिरतात. म्हणून वरातीचा ताल घराघरांत आधी पोचतो आणि सूर कोपऱ्यावर अडून राहतो.

पण मोठं नवल त्याच्या पुढं आहे. वळणावरून आलेल्या त्या गाण्यातलं काय काय गळून गेलेलं असतं बघा. गायक नाही. शब्द नाहीत. मुंबईच्या स्टुडिओतल्या व्हायोलिनांचा ताफा नाही. मूळ गाणं ज्या पट्टीत होतं ती पट्टीसुद्धा नाही. उरतात घामानं भिजलेल्या रंगीत कोटातली डझनभर माणसं, पितळेच्या चार नळ्या आणि कातडं. तरीही तीन-चार सुरांत पोरासोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना गाणं कळतं. इतकं सगळं काढून घेतल्यावरही जे ओळखू येतं, ते नेमकं काय असतं?

ते शोधायला मी एकदा लग्नसराईच्या तोंडावर एका बँडच्या तालमीला जाऊन बसलो. पत्र्याची खोली, खिळ्यांना टांगलेली वाद्यं, कोपऱ्यात तोंड वर करून ठेवलेला युफोनियम. क्लॅरनेटवाला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. मांडीवर मोबाइल, मोबाइलवर नवं गाणं, वेग अर्ध्यावर आणलेला. दोन ओळी ऐकायच्या, थांबवायचं, वहीत सा-रे-ग-म लिहायचं, पुन्हा ऐकायचं. क्लॅरनेटची नळाची पातळ पत्ती त्यानं तोंडात भिजत धरली होती, कारण कोरडी पत्ती नीट थरथरत नाही. त्यामुळं विचारलेल्या कशालाच तो उत्तर देत नव्हता, नुसती मान हलवत होता.

मी म्हटलं, "मास्तर, मोबाइलमधलं गाणं पांढरी चारमध्ये आहे. तुम्ही कशात घेणार?"

"आपुन काळी पाच. बाजाच काळी पाचचा हाय," मास्तर म्हणाले. "पन रस्त्यावर कुनाला फरक कळतंय का बघा तुमी. कळतच नाही. मला बी चाळीस वर्सं झाली, नवल वाटतंय."

चाळीस वर्षं वाजवणाऱ्याला नवल वाटतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी म्हणजे काळी पाच. बँडमधला क्लॅरनेट, ट्रंपेट आणि युफोनियम ही वाद्यं घडतानाच त्या सुराला बांधलेली असतात. बोटांना सगळ्यात सोपा पडणारा सा धरला की पेटीवर तो काळी पाचशी जुळतो. गायक आपल्या गळ्याला सोसेल ती पट्टी घेतो, बँडवाला पितळेला सोसेल ती. लता मंगेशकरांनी कितीही उंच गायलेलं गाणं असो, लोह्याच्या रस्त्यावर ते बहुतेक काळी पाच किंवा काळी दोनमध्ये उतरतं.

म्हणजे मूळ गाण्यातला एकूण एक सूर जागचा हललेला असतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. कारण आपला कान सुराची जागा फारशी ध्यानात ठेवत नाही, दोन सुरांमधलं अंतर ठेवतो. सा आणि प यांच्या कंपनांचं नातं 2 ला 3 असं आहे. सा कुठंही धरा, प त्याच्या दीडपट कंपनांवरच येणार. सगळं गाणं उचलून वर किंवा खाली ठेवलं तरी आतली नाती तशीच राहतात. सहा महिन्यांच्या बाळालाही हे जमतं. ऐकून ऐकून सवयीची झालेली धून पट्टी बदलून वाजवली तरी ते तिला जुनीच धून समजतं. पक्ष्यांना आपण मोठे गवई म्हणतो, पण साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग नावाच्या पक्ष्यावर प्रयोग झाले तेव्हा उलटं दिसलं. शिकलेली धून पट्टी बदलून ऐकवली की तो पक्षी गोंधळतो, त्याला ती नवीच वाटते. वरातीतलं गाणं ओळखणारी गच्चीवरची म्हातारी त्या घडीला असं काही करत असते जे त्या सुरेल पाखराला साधत नाही.

मराठीनं याला फार नेमका शब्द दिला आहे: चाल. गाण्याचीही चाल आणि माणसाचीही चाल. गावाकडं माणूस लांबून बांधावरून येताना चेहरा दिसायच्या आधी चालीवरून ओळखतात. "हे तर आपले मामाच की!" कपडे बदललेले असोत, डोक्यावर पाटी असो, चाल लपत नाही. गाण्याचंही तंतोतंत तसंच. गायकाचा चेहरा काढा, वाद्यांचे कपडे काढा, शब्दांची पाटी उतरवा, मागं राहते ती चाल. आणि बँडच्या बाबतीत दोन्ही अर्थ रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर येतात, कारण ती चाल वाजते चालता चालता, चालवण्यासाठी. नवरदेवाचा परण्या, म्हणजे त्याची मिरवणूक, मारुतीला निघाला की घोड्याचं पाऊल, ढोलाचा ठोका आणि पुढं नाचणाऱ्या पोरांचे पाय एकाच मापात पडायला लागतात.

आपल्याकडं चाल कुणाच्या एकट्याच्या मालकीची कधी नव्हतीच. भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर अभंग बसवतात. भीमजयंतीची कितीतरी गीतं गाजलेल्या चालींवर लिहिली गेली आणि त्या चालीच मग त्या गीतांच्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तिथं चाल तीच राहते, शब्द बदलतात. बँडमध्ये चाल राहते, शब्द जातात. लोहा तालुक्यातच, लातूरच्या वाटेवर, माळेगाव आहे. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेत एका पालात वाघ्या-मुरळीची दिमडी आणि तुणतुणं, पलीकडं तमाशाची ढोलकी, जिल्हा परिषदेच्या लावणी महोत्सवाचा मंडप, मध्ये घोड्यांचा बाजार आणि पाळण्यापाशी लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं. अर्धा तास उभं राहिलं की इकडची चाल तिकडं कशी जाते ते कुणी सांगावं लागत नाही.

आता वरातीतला नागीण डान्स घ्या. रुमालाचं टोक दातात धरून एक जण पुंगी होतो, दुसरा जमिनीवर लोळून नाग. क्लॅरनेटवाला गुडघे वाकवून त्याच्या तोंडावर धून सोडतो. ही धून आली 1954 सालच्या 'नागिन' चित्रपटातून, संगीत हेमंत कुमार यांचं. ऐकणाऱ्या साऱ्या देशाला ती गारुड्याची खरी पुंगी वाटली. पण ती पुंगी नव्हतीच. कल्याणजी यांनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजवली होती आणि जोडीला रवी यांची पेटी होती. क्लॅव्हियोलिन फ्रान्समधलं, 1947 सालचं. म्हणजे पुंगीची नक्कल विजेच्या वाद्यानं केली, त्याची नक्कल लोह्यातला क्लॅरनेट करतो, आणि त्या क्लॅरनेटसमोर माणूस नागाची नक्कल करतो. नकलेची नक्कल होत होत गोष्ट विटायला पाहिजे होती. इथं ती दर पायरीला जास्त जिवंत झाली आहे. साप तर मुळात पुंगीच्या चालीवर डोलतच नाही, तो डोलतो गारुड्याच्या हालचालीवर. चालीवर डोलणारा नाग फक्त आपल्या वरातीत आहे.

त्या पेटीवाल्या रवींची हकीकत मला कधीच पुरेशी वाटत नाही. मुंबईला येण्याआधी ते दिल्लीत टपाल-तार खात्यात इलेक्ट्रिशियन होते. पुढं स्वतः संगीतकार झाले. 1977 च्या 'आदमी सड़क का' या चित्रपटात त्यांनी मित्राच्या लग्नाच्या आनंदाचं गाणं बांधलं. हिंदी-मराठी मुलखात ते न वाजवता वरात पुढं सरकत नाही. आणि 1968 च्या 'नीलकमल'मध्ये बापानं मुलीला निरोप देण्याचं गाणं बांधलं, तेही त्यांचंच. आता एखाद्या लग्नाचा दिवस डोळ्यांपुढं आणा. दुपारी नागीण डान्स, मांडवाच्या दारात मित्राच्या लग्नाचं गाणं, संध्याकाळी नवरी गाडीत बसताना निरोपाचं गाणं. एकाच माणसाचा हात दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्या घराच्या सुखदुःखावर फिरत असतो. वाजवणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांना त्याचं नाव ठाऊक नाही. मी मास्तरांना सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिन्ही एकाच मानसाचे? मग बराबर हाय. तिन्हीला बोटं सारखीच सोपी पडत्यात."

शब्द गळाले की गाण्याला नवी कामंही करता येतात. 1957 च्या 'नया दौर'मधलं ओ. पी. नय्यर यांचं देशाच्या वीर जवानांवरचं गाणं किती वरातींत वाजलं असेल! शब्दांसकट ते देशभक्तीचं, शब्दांविना निव्वळ भांगड्याचा ठेका. बँडनं ते मैदानावरून उचलून मांडवात आणलं आणि कुणालाही वावगं वाटलं नाही.

ही वाद्यं इथं पोचली कशी? क्लॅरनेट जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा, साधारण 1700 च्या सुमाराचा. ट्रंपेटला बोटांनी दाबायचे खटके आले 1818 मध्ये, बर्लिनच्या पेटंटानं. सॅक्सोफोन पॅरिसला 1846 मध्ये. त्या खटक्यांनी केलेली किमया जवळून बघण्यासारखी आहे. ट्रंपेटची नळी सरळ केली तर दीड मीटरच्या आसपास भरते. खटका दाबला की हवेला एक छोटं वळण जादा घ्यावं लागतं, नळी तेवढी लांबते, सूर उतरतो. मधला खटका पेटीवरच्या लगतच्या एका पट्टीइतका उतरवतो, पहिला दोन पट्ट्या, तिसरा तीन. तीन बोटांच्या जुळण्यांतून सात लांबीच्या नळ्या मिळतात. बाकी सारं काम ओठांचं. ओठ जरा आवळले की तीच नळी वरचा सूर देते. तालमीतल्या ट्रंपेटवाल्यानं खटक्याला हात न लावता, नुसत्या ओठांनी मला पाच सूर काढून दाखवले. त्याच्या वरच्या ओठावर मधोमध एक गोल वळ आहे, कायमचा.

इंग्रजांच्या पलटणींबरोबर हे बँड देशभर फिरले. चालत्या फौजेला वाजवायचं संगीत ते, म्हणून वाद्यं खांद्यावर-कमरेवर पेलता येतील अशीच. मेरठला नादिर अली अँड कंपनी 1885 मध्ये उभी राहिली, तिचा संस्थापकही फौजेच्या बँडमधलाच. देशभरातल्या लग्नाच्या बँडांना वाद्यं पुरवणारं गाव म्हणून मेरठ ओळखलं जातं ते तेव्हापासून. दुसरी वाट गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांत वाजवायला शिकलेली माणसं मुंबईच्या स्टुडिओंत आली. 1951 च्या 'अलबेला'त संगीतकार होते पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आणि त्यांच्या सोबतीला होता गोव्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट. पडद्यावर त्याचा बँडही दिसतो. 'अलबेला'तलं गाणं वरातीत वाजतं तेव्हा ट्रंपेटसाठी बांधलेला तुकडा पुन्हा ट्रंपेटकडंच आलेला असतो, माहेरी आल्यासारखा. आणि 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. तो उन्हाळा सरायच्या आत त्यातली गाणी मराठवाड्यातल्या टेम्पोंवर बेंजोवर वाजत होती.

बेंजोवर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते साऱ्या बाज्यातलं ते सगळ्यात अजब वाद्य. नाव बेंजो, पण अमेरिकेतल्या कातडं ताणलेल्या बँजोशी त्याचं काही नातं नाही. 1912 मध्ये जपानात नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी ते बनवलं. टाइपरायटरची बटणं बघून त्यांना कल्पना सुचली. कोतो हे जपानी तंतुवाद्य, त्याच्या तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली तर? त्या वर्षी जपानात तायशो नावाचं नवं युग सुरू झालं होतं, म्हणून वाद्य झालं तायशोगोतो. समुद्र ओलांडून आपल्याकडं आलं आणि बुलबुल तरंग झालं. पुढं त्याला बेंजो म्हणू लागले.

एका पोरानं बेंजो माझ्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताखाली दोन ओळींत गोल बटणं, उजव्या हातात नखाएवढी पट्टी. बटण दाबलं की खालची पत्र्याची जीभ तारेवर टेकते आणि तार तिथं आखूड होते. छेडलेल्या तारेचा सूर क्षणात विझतो, म्हणून पट्टी सतत वर-खाली, वर-खाली थरथरवत ठेवावी लागते. बेंजोचा तो कायम शहारलेला आवाज या धडपडीतून येतो. बटणावरून बटणावर मींड काही जात नाही. पण कसलेला हात बटण जरा जोरात दाबतो, तार ताणली जाते, सूर केसभर चढतो, आणि त्या केसभरात गायकाच्या गळ्यातली हरकत ओळखू येते. पुढं त्याला विजेची जोड मिळाली आणि टेम्पोवर जनरेटर आला. सोबत ऑक्टोपॅड आला, आठ चौकोनांवर काठ्या मारून ढोलकीपासून बंदुकीपर्यंत वाटेल तो आवाज काढणारा. रोलँड कंपनीनं तो 1985 मध्ये आणला, आणि तोही जपानचाच. रवी जाधव यांनी 2016 मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यातला बेंजोवाला आपल्या शेजारच्या लातूरच्या देशमुखांचा रितेश. तो चित्रपट मुंबईच्या गल्लीतला असला तरी इथल्या पोरांनी तो आपला म्हणून पाहिला.

हे सगळं हातात धरणारी घरं कोणती, हे न सांगता पुढं जाणं मला बरं वाटत नाही. मराठवाड्यात हलगी आणि सनई पिढ्यानपिढ्या मातंग समाजानं सांभाळली, आणि बँड-बेंजोतही त्या घरांतले हात फार मोठ्या संख्येनं आहेत. ज्यांच्या वाजवण्याशिवाय मुहूर्त लागत नाही त्यांनी मांडवाबाहेर उभं राहायचं आणि पंगती उठल्यावर जेवायचं, ही रीत मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती आठवली की आजही घास अडकतो. लग्नसराईत तिथी दाट असल्या की एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या. आषाढात देव झोपले की तुळशीच्या लग्नापर्यंत हीच बोटं गवंडीकामात, शेतात. पण 14 एप्रिल आणि 1 ऑगस्ट हे दोन दिवस वेगळे. बाबासाहेबांच्या आणि अण्णाभाऊंच्या जयंतीला ही माणसं आपल्या माणसांसाठी, आपल्या मर्जीनं वाजवतात. त्या दिवशीची हलगी ऐकावी. तिच्या कडकडाटात कुणाची वाट बघणं नसतं.

तालमीच्या खोलीत ऊन कलायला लागलं तशी त्या मुलानं तोंडातली पत्ती काढून क्लॅरनेटला बसवली. मला वाटलं होतं मास्तर आता सूर तपासतील. त्यांनी उठून दार उघडलं आणि वाटेत विटेची टेकण लावली.

"हं, वाजीव."

मुलगा एकटाच वाजवायला लागला. ढोल नाही, झांज नाही. पहिली ओळ फसली. मास्तरांनी हातानंच पुन्हा म्हणून खुणावलं. दुसऱ्यांदा चार सूर गेले असतील नसतील, समोरच्या दारात भांडी घासणारी एक पोरगी, वर न बघता, पुढची ओळ म्हणायला लागली. शब्दांसकट, तिच्या तिच्या पट्टीत. क्लॅरनेट काळी पाचला आणि ती कुठं भलतीकडंच. पण दोघांची चाल एकच, पावलाला पाऊल लावून.

मास्तरांनी वीट काढली.

"झालं," ते म्हणाले. "उद्या परण्याला घ्यायचं हे."